एका रात्रीचे गालिचे
ग्वाटेमालातील अँटिग्वा नगरीचे उत्सवी वर्ष

ज्या कुटुंबांचा मसाल्याच्या पदार्थांशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे, त्यांना ‘ग्वाटेमाला’ हे नाव नवे नाही. हिरव्या वेलदोड्याच्या जागतिक बाजारात सर्वाधिक माल पाठविणारा देश तो हाच. तेथे पीक उणे-अधिक झाले की त्याचा परिणाम केरळ-तमिळनाडूतील लिलावांवर होतो आणि पुढे आपल्या पेढीवरील भावातही उमटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशातील वेलदोडा एका जर्मन मळेवाल्याने तेथील डोंगराळ प्रदेशात नेऊन लावला, असे सांगितले जाते. विशेष असे की, ग्वाटेमालाची गृहिणी आपल्या स्वयंपाकात वेलदोडा जवळजवळ वापरतच नाही. तो केवळ परदेशी जाण्यासाठी पिकतो.

अशा रीतीने आपण त्या देशाचा माल ओळखतो. परंतु तो पिकविणाऱ्या समाजाची घरे कशी आहेत, सणावाराला तेथे काय शिजते, मुलांच्या हाती कोणते काम येते, याची आपल्याला फारशी कल्पना नसते. प्रस्तुत लेखात त्या देशातील एका छोट्या नगराचे वर्ष पाहावयाचे आहे. नगराचे नाव अँटिग्वा. क्रिकेटमुळे आपल्या मुलांना ठाऊक असलेले कॅरिबियन बेट ते हे नव्हे. हे अँटिग्वा मध्य अमेरिकेत, ग्वाटेमालाच्या राजधानीपासून सुमारे ४० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरहून अधिक उंचीवर, तीन ज्वालामुखींच्या सान्निध्यात वसलेले आहे. वस्ती पन्नास हजारांच्या आत. परंतु तेथील उत्सव पाहण्यास जगभरातून लोक जातात. पाहणाऱ्यांच्या दृष्टीने तो एक देखावा असतो. घराघरांतून त्यासाठी जी सिद्धता चालते ती मात्र पाहुण्यांना क्वचितच दिसते, आणि जाणून घेण्याजोगी गोष्ट तीच आहे.

उजाडूनही न सुटलेले गाव

या नगराचा इतिहास थोडा जाणून घेतला, तर त्याच्या उत्सवांचा अर्थ अधिक कळतो. स्पॅनिश राजवटीची येथील आधीची राजधानी जवळच, आग्वा नावाच्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी होती. १५४१ साली डोंगरावरून पाणी व चिखल यांचा प्रचंड लोंढा आला आणि ती गाडली गेली. मग १५४३ मध्ये पांचोय खोऱ्यात नवे नगर वसविण्यात आले. तेच आजचे अँटिग्वा. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ येथून मध्य अमेरिकेच्या मोठ्या भागाचा कारभार चालला. देवालये, मठ, विद्यापीठ, छापखाना यांनी ते गजबजलेले होते.

२९ जुलै १७७३ रोजी भयंकर भूकंप झाला. तो दिवस संत मार्ता यांच्या स्मरणाचा असल्याने आजही त्या भूकंपाला त्यांचेच नाव आहे. सरकारने राजधानी हलविण्याचे ठरविले आणि १७७६ मध्ये नवी राजधानी दुसऱ्या खोऱ्यात स्थापन झाली. अधिकारी गेले, धर्मगुरू गेले, अनेक देवालयांतील मूर्तीही गेल्या. रहिवाशांनाही निघून जाण्याची आज्ञा होती. तरी काही कुटुंबे पडक्या भिंतींच्या आश्रयाने राहिलीच. ‘अँटिग्वा’ या शब्दाचा अर्थच ‘जुनी’. सोडून दिलेले, जुने झालेले गाव, असे ते नाव आहे. १९७९ मध्ये युनेस्कोने या नगराचा जागतिक वारशात समावेश केला. १९७६ च्या फेब्रुवारीत झालेल्या भूकंपात देशभर तेवीस हजारांच्या आसपास माणसे मृत्यू पावली. त्याही वेळी येथील अनेक वास्तूंची हानी झाली. आजही छप्पर नसलेल्या देवालयांच्या कमानी गावात जागोजाग उभ्या आहेत, आणि फुएगो ज्वालामुखीच्या शिखरातून वारंवार धूर निघताना दिसतो.

जेथे दगडी बांधकामाचाही भरवसा धरता येत नाही, तेथील लोकांनी आपले सर्वांत प्रिय कलाकौशल्य लाकडाच्या भुशात, फुलांत आणि पातळ कागदात ओतावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

चाळीस दिवसांची तयारी

ग्वाटेमालात कॅथलिक ख्रिस्ती परंपरा आणि त्याहून पुरातन अशी माया लोकांची परंपरा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. वर्षातील सर्वांत मोठा उत्सव म्हणजे ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह. त्याआधी चाळीस दिवसांचा संयमकाळ असतो. स्पॅनिशमध्ये त्यास ‘क्वारेस्मा’ म्हणतात. या काळातील शुक्रवारी मांस वर्ज्य मानले जाते. घराघरांच्या खिडक्यांवर जांभळी वस्त्रे लावली जातात. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग.

या चाळीस दिवसांत दर रविवारी गावातील किंवा आसपासच्या खेड्यांतील एखाद्या देवालयातून मिरवणूक निघते. मिरवणुकीच्या आधी देवालयात मूर्तीपुढे ‘वेलासियोन’ होते. म्हणजे मूर्ती सजवून दर्शनासाठी ठेवायची आणि तिच्यासमोर भुशाचा गालिचा घालून त्याभोवती फळे, भाज्या, पाव, फुले यांची आरास मांडायची. या आराशीला ‘बाग’ असेच नाव आहे. त्यासाठी कोणी टरबूज आणते, कोणी गाजरे, कोणी नुसती फुलांची जुडी. देवालयाबाहेर खाद्यपदार्थांची दुकाने मांडलेली असतात. मक्याच्या कोवळ्या दाण्यांची गरम, गोड पेज, शिजवून कुस्करलेल्या केळ्यात गोड केलेल्या काळ्या घेवड्याचे सारण भरून तळलेले ‘रेयेनितोस’, दुधाच्या व नारळाच्या वड्या असे पदार्थ तेथे मिळतात.

आपल्याला ओळखीचा वाटेल असा आणखी एक पदार्थ या दिवसांत घरोघरी होतो. काबुली चणे भिजवून, सोलून, गुळाच्या पाकात दालचिनी घालून मुरवितात. तेथेही उसाचा गूळ आहे. त्यास ‘पानेला’ म्हणतात. मक्याच्या कणसाच्या सालीत बांधलेल्या त्याच्या ढेपी बाजारात विकावयास असतात. सोमवार, गुरुवार आणि शनिवार हे अँटिग्वाचे मोठे बाजाराचे दिवस. पवित्र सप्ताह जवळ आला की उष्ण सखल प्रदेशातून कोरोझो नावाच्या ताडाच्या जातीच्या झाडाचे फुलोरे येतात. त्या लांब, पिवळसर तुऱ्यांचा सुगंध इतका तीव्र असतो की, तो आला म्हणजे सण आला असे लहान मुलेही ओळखतात.

रस्त्यावरचे गालिचे

या उत्सवाचे मुख्य वैभव म्हणजे ‘अल्फोम्ब्रा’, अर्थात गालिचे. मिरवणूक ज्या रस्त्याने जाणार, त्या दगडी रस्त्यावर लोक आपापल्या घरासमोर रंगीत गालिचे घालतात. आपल्या रांगोळीशी त्याचे नाते जोडावेसे वाटते. परंतु आकार, साहित्य आणि रीत निराळी आहे.

लाकडाच्या वखारींतून भुसा आणावा लागतो. तो चाळून बारीक-जाड वेगळा करतात आणि निरनिराळ्या रंगांत भिजवितात. रस्त्याच्या दगडांत उंचसखलपणा असतो. म्हणून प्रथम वाळूचा किंवा साध्या भुशाचा थर देऊन पृष्ठभाग सपाट केला जातो. त्यावर मुख्य रंगाचा भुसा पसरतात. मग पुठ्ठ्याचे कापलेले साचे ठेवून, चाळणीने रंगावर रंग चढवीत नक्षी उतरविली जाते. कडेने देवदाराच्या जातीच्या पाइन वृक्षाच्या हिरव्या सुया, बोगनवेल, शेवंती, गुलाब यांच्या ओळी भरतात. काम करताना पाय पडू नये म्हणून गालिच्यावर आडव्या फळ्या टाकतात आणि त्यांवर ओणवे होऊन माणसे तासन्‌तास नक्षी भरतात. वाऱ्याने भुसा उडू नये म्हणून मधून मधून पाण्याचा बारीक फवारा मारावा लागतो. पाणी अधिक झाले तर रंग पसरतात, कमी झाले तर कडा ढासळतात. हा अंदाज हातालाच यावा लागतो.

साचे कापण्याचे, भुसा रंगविण्याचे काम कित्येक आठवडे आधीपासून चालते. प्रत्यक्ष गालिचा मात्र मिरवणुकीच्या आदल्या रात्रीच घालता येतो. कोणत्या कोपऱ्यावर मिरवणूक किती वाजता येईल, याचे छापील वेळापत्रक घरोघरी असते. त्यावरून प्रत्येक घर आपल्या कामाची वेळ धरते. आजी रंग ठरविते, वडील दोरी लावून रेषा आखतात, तरुण मुले फळ्यांवर ओणवी होतात, लहानांना फुलांच्या पाकळ्या सोडविण्याचे काम असते. शेजारी गरम पेय घेऊन येतात आणि स्वतःही हात लावून जातात. पहाटेपर्यंत सारा रस्ता रंगीत होतो.

मग मिरवणूक येते, आणि तिच्या पावलांखाली तो गालिचा काही मिनिटांत विस्कटून जातो. मिरवणुकीमागोमाग नगरपालिकेचे सफाई कामगार येतात आणि सारा भुसा उचलून नेतात. काही माणसे त्यांच्या आधी पुढे होऊन एखादे फूल आठवण म्हणून घेतात. तेवढेच काय ते उरते. परदेशी पाहुण्यांना हा क्षण हळहळण्याचा वाटतो. घरच्या माणसांना तसे वाटत नाही. कारण गालिचा त्या पावलांसाठीच घातलेला असतो. मिरवणूक त्यावरून गेली नाही, तर मात्र त्यांना आपले काम अपुरे राहिल्यासारखे वाटते.

उंचीच्या मापाने मिळणारी जागा

मिरवणुकीतील मूर्ती ज्या लाकडी मंचावर असतात, त्यास ‘आंदा’ म्हणतात. पालखीच्या जातीचा, पण आकाराने कितीतरी मोठा असा हा मंच असतो. मोठ्या आंदांना एका वेळी ऐंशीहून अधिक माणसांचे खांदे लागतात. खांदा देणाऱ्या पुरुषांचा पोशाख जांभळा असतो. त्यांना ‘कुकुरुचो’ म्हणतात. स्त्रियांचे आंदा वेगळे असतात आणि ते त्याच खांद्यावर घेतात. झावळ्यांच्या रविवारी ला मेर्सेद देवालयातून मोठी मिरवणूक निघते. गुड फ्रायडेच्या दिवशी तर पहाटे अंधारातच रोमन सैनिकांच्या वेषातील घोडेस्वार रस्त्यांतून फिरतात आणि त्यानंतर मिरवणूक बाहेर पडते. दुपारी तीन वाजता, ख्रिस्ताच्या मृत्यूची घटिका म्हणून, जांभळी वस्त्रे उतरतात आणि सारे गाव काळ्या वेषात येते. धुपाच्या दाट धुरात, वाद्यवृंदाच्या शोकगतींच्या साथीने ही मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते.

या सर्व व्यवस्थेमागे ‘एर्मान्दाद’ म्हणजे बंधुमंडळे आहेत. त्यांचा कारभार व्यापारी कुटुंबांना विशेष रुचेल असा आहे. खांदा देऊ इच्छिणाऱ्याने आधी नाव नोंदवावयाचे, ठरलेली देणगी भरावयाची आणि आपल्या पाळीचे पत्र घ्यावयाचे. एकाची पाळी साधारण एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत. तेथे दुसरी तुकडी त्यांची जागा घेते. अशा शेकडो पाळ्यांच्या देणग्यांतून फुले, वाद्ये, मूर्तींची देखभाल यांचा खर्च निघतो.

नोंदणीच्या वेळी प्रत्येकाच्या खांद्याची उंची मोजली जाते. तुळई समतोल राहावी, एकावर अधिक भार व दुसऱ्यावर कमी असे होऊ नये, यासाठी सारख्या उंचीची माणसे एकत्र लावतात. त्यामुळे डॉक्टरच्या पुढे गवंडी आणि दुकानदाराच्या मागे त्याच्याच दुकानातील नोकर असा क्रम सहज लागतो. हेतू व्यावहारिक आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, त्या एका चौकापुरते तरी माणसाचे माप त्याच्या खांद्यावरूनच घेतले जाते. आजोबांनी ज्या आंदाला खांदा दिला, त्यालाच नातवाने द्यावा, अशी अनेक घरांची इच्छा असते, आणि मुलगा पुरेसा उंच होईपर्यंत लहान मुलांच्या मिरवणुकीत त्याची तालीम होते.

ग्वाटेमालातील पवित्र सप्ताहाची ही परंपरा २०२२ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदविली.

पूर्वजांसाठी पतंग

पावसाळा सरतो आणि १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस येतो. त्या दिवशी कुटुंबे स्मशानभूमीत जाऊन कबरी धुतात, रंगवितात, त्यांवर पाइनच्या सुया व झेंडूची फुले पसरतात आणि तेथेच बसून दिवस घालवितात. अँटिग्वाच्या जवळ सुम्पांगो आणि सान्तियागो साकातेपेकेस ही काक्चिकेल माया लोकांची दोन गावे आहेत. तेथे या दिवशी प्रचंड पतंग उभे केले जातात. बांबूचा सांगाडा आणि त्यावर पातळ रंगीत कागदाचे असंख्य तुकडे चिकटवून केलेली गोलाकार चित्रे, असे त्यांचे रूप असते. काहींचा व्यास १५-२० मीटरपर्यंत जातो. असे मोठे पतंग उडविण्यासाठी नसतात. ते दोरांनी उभे केले जातात. लहान पतंग मात्र कबरींच्या मधून धावत उडविले जातात. पतंगाच्या कडेला लावलेल्या कागदी झालरीचा वाऱ्यात जो घरघर आवाज होतो, त्याने अशुभ शक्ती दूर राहतात आणि पूर्वजांशी संपर्क होतो, अशी श्रद्धा आहे.

हे पतंग गावातील तरुणांची मंडळे करतात. दिवसभराचे काम आटोपून रात्री एकत्र बसून, कित्येक महिने हे चालते. त्यांवरील चित्रांत माया लोकांच्या कथा असतात, तोडलेली जंगले असतात, पोटासाठी उत्तरेकडे गेलेली माणसे असतात. १९६० ते १९९६ या काळात या देशात यादवी युद्ध झाले. दोन लाखांहून अधिक माणसे त्यात मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि त्यांतील बहुसंख्य माया समाजाची होती. ज्यांच्या कबरीही नाहीत अशांची आठवण कोठे करावयाची, या प्रश्नाचे एक उत्तर या कागदी वर्तुळांत मिळते. पतंग वाऱ्याने फाटतो. पुढच्या वर्षी दुसरा करावा लागतो. त्यासाठी ती कथा पुन्हा सांगावी लागते. या पतंगकलेची नोंद युनेस्कोने २०२४ मध्ये केली.

या दिवशीचे मुख्य अन्न म्हणजे ‘फियाम्ब्रे’. पन्नासाहून अधिक जिन्नस घालून केलेली ही थंड कोशिंबीर वर्षातून एकदाच होते. तिच्या नेहमीच्या प्रकारात मांस असते, तेव्हा आपल्या घरात ती होणार नाही. परंतु केवळ भाज्यांचा, ‘हिरवा’ म्हणून ओळखला जाणारा प्रकारही आहे. आणखी एक प्रकार असा की, सर्व जिन्नस वेगवेगळे मांडतात आणि ज्याचे त्याने आपल्या पथ्याप्रमाणे घ्यावे. घरोघरच्या कृती भिन्न असतात आणि शेजारीपाजारी वाडगे पाठविण्याची रीत आहे. बरोबरीने भोपळ्याच्या फोडी गुळाच्या पाकात शिजवितात. त्यांची गोडी आपल्यालाही परकी वाटणार नाही.

डिसेंबर: होळी, यात्रा आणि मध्यरात्र

७ डिसेंबरला सायंकाळी ६ वाजता घरासमोर शेकोट्या पेटतात. वर्षभराचा केरकचरा, मोडके सामान काढून जाळावयाचे आणि त्याबरोबर सैतानालाही जाळून घर शुद्ध करावयाचे, असा हा विधी आहे. दुसऱ्या दिवशी मेरीमातेचा सण असतो. अँटिग्वाच्या कोन्सेप्सियोन वस्तीत सैतानाचा मोठा पुतळा जाळला जातो. पूर्वी पालापाचोळा आणि लाकूड जळत असे. पुढे प्लास्टिक आणि टायरही आगीत जाऊ लागले. आता अधिकारी व जागरूक नागरिक दरवर्षी आवाहन करतात की, कचरा जाळू नका, फार तर कागदाचा छोटा पुतळा जाळा. काही घरे ते ऐकतात, काही ऐकत नाहीत. सणाच्या नावाने हवेत काय सोडावयाचे, हा वाद दिवाळीच्या फटाक्यांमुळे आपल्यालाही परिचित आहे.

१६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री ‘पोसादा’ असतात. पोसादा म्हणजे धर्मशाळा किंवा निवारा. जोसेफ आणि गर्भवती मेरी यांना आसरा मिळाला नाही, त्या कथेची ही आठवण. त्यांच्या मूर्ती घेऊन शेजारी रोज एका घराच्या दाराशी जातात, कंदील हाती, कासवाच्या कवचावर काठीने ठेका धरीत. बाहेरचे गाऊन आसरा मागतात. आतले आधी नाकारतात, मग दार उघडतात. मूर्ती त्या रात्री तेथेच मुक्काम करतात आणि जमलेल्या सर्वांना फळांचे गरम ‘पोंचे’ मिळते. अननस, पपई, सफरचंद, मनुका, नारळ आणि दालचिनी एकत्र उकळून ते करतात. सतराव्या शतकात अँटिग्वात राहून गोरगरिबांसाठी रुग्णालय चालविणारे पेद्रो दे बेतानकूर यांनी ही प्रथा येथे रुजविली, असे मानतात. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संतपद दिले. त्यांची समाधी याच गावात आहे.

घरात ख्रिस्तजन्माचा देखावा मांडतात. जमिनीवर पाइनच्या सुया पसरतात आणि पिवळ्या, बोराएवढ्या फळांच्या माळा टांगतात. नाताळसाठी पिनाबेते नावाच्या सुगंधी वृक्षाला पूर्वी फार मागणी असे. त्यामुळे रानातील हे झाड दुर्मीळ झाले. आता रानातून ते तोडण्यास बंदी आहे. लागवडीत वाढविलेली आणि सरकारी खूण लावलेली झाडेच विकता येतात. २४ तारखेच्या मध्यरात्री फटाक्यांच्या गजरात सारे एकमेकांना आलिंगन देतात आणि त्यानंतर जेवण होते.

शनिवारचा तांबडा दिवा

सण नसलेल्या दिवसांतही उत्सवाचा एक धागा चालूच असतो. शनिवारी सायंकाळी काही घरांच्या दाराबाहेर तांबडा दिवा लागलेला दिसतो. या घरी आज ‘तमाल’ विक्रीस आहेत, असा त्याचा अर्थ. तमाल म्हणजे मक्याचे किंवा तांदळाचे पीठ केळीच्या पानात गुंडाळून वाफविलेला पदार्थ. बहुधा त्यात मांस असते, आणि कोको घालून केलेला गोड प्रकारही असतो. पाटी नाही, जाहिरात नाही. दिवा लागला की शेजारी भांडे घेऊन येतात. कित्येक घरांतील स्त्रियांचा हा आठवड्याचा हक्काचा व्यवसाय आहे. २५ जुलैला गावाचे संरक्षक संत सान्तियागो यांची जत्रा भरते. १५ सप्टेंबर हा १८२१ मधील स्वातंत्र्याचा दिवस. त्याच्या आदल्या दिवशी शाळांची मुले पेटत्या मशाली घेऊन गावोगाव धावतात.

वाटा कोण उचलणार?

हे सारे असेच चालत राहील, असे मात्र गृहीत धरता येत नाही. अँटिग्वाच्या सौंदर्यामुळे तेथील जुनी घरे हॉटेलांसाठी, उपाहारगृहांसाठी, परदेशी मालकांसाठी विकली गेली. जागेच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडे गेल्या आणि अनेक कुटुंबे शेजारच्या गावांत राहावयास गेली. मध्यवस्तीतील काही गालिचे आता हॉटेले आणि संस्था मजूर लावून घालून घेतात. ते दिसावयास उत्तमच असतात. परंतु ज्या घरात रात्री कोणी वस्तीला नाही, तेथे पाकळ्या सोडविणारे मूल कोठून येणार? देशातील लाखो माणसे अमेरिकेत कामाला गेली आहेत. त्यांनी पाठविलेला पैसा अलीकडच्या वर्षांत देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे एक पंचमांश इतका असतो. त्यातून सणाचा खर्च भागतो, पण खांदा देणारा खांदा मात्र दूर असतो. लॉस एंजेलिससारख्या शहरात हे लोक आपली मिरवणूक काढतात, रस्त्यावर भुशाचे गालिचेही घालतात.

तरीही या समाजाची घडण किती चिवट आहे, हे दोन प्रसंगांत दिसले. ३ जून २०१८ रोजी फुएगो ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला आणि अँटिग्वापासून थोड्याच अंतरावरील वस्त्या तप्त राखेखाली गाडल्या गेल्या. शेकडो माणसे गेली. त्या वेळी अँटिग्वा आणि परिसरातील लोकांनी अन्न, वस्त्रे, औषधे गोळा करून तातडीने पोहोचविली. वर्षभर एकमेकांच्या दाराशी जाण्याची सवय असलेल्या वस्तीला मदत उभी करण्यास फार वेळ लागत नाही. दुसरा प्रसंग २०२० चा. महामारीमुळे त्या वर्षी मिरवणुका रद्द झाल्या. २०२१ मध्येही त्या निघाल्या नाहीत. पहिल्या वर्षी रस्ते ओस होते. तरी अनेक कुटुंबांनी उंबरठ्यावर, अंगणात, घराच्या आतील चौकात छोटे गालिचे घातले. वरून जाणारी मिरवणूक नव्हती. मुलांना साचे धरावयास शिकविण्याचे काम मात्र त्या दोन वर्षांतही खंडित झाले नाही.

व्यापारी कुटुंबात प्रत्येक खर्चाची नोंद असते आणि त्यातून काय उरले, हे वर्षाअखेरीस पाहिले जाते. अँटिग्वाच्या घराने एका रात्रीत घातलेला गालिचा या हिशेबात निव्वळ खर्चाच्या बाजूला पडेल. परंतु त्याच रात्री आजीच्या हातातील रंगाचा अंदाज नातीच्या हाती येतो, शेजाऱ्याशी वर्षभर धरलेला अबोला एका फळीवर ओणवे असताना सुटू शकतो, आणि लहान मुलास कळते की घराच्या सणात आपलेही काम आहे. ही जमा कोणत्याच वहीत मांडता येत नाही. तरी दोन शतकांहून अधिक काळापूर्वी सोडून दिलेले ते गाव याच जमेवर उभे राहिले आहे.

आपल्याकडेही सणाचे काम दिवसेंदिवस बाहेर देण्याची सोय वाढत आहे. मिठाई तयार मिळते, सजावट करून मिळते, रांगोळीचा छाप विकत मिळतो. सोयीत वावगे काही नाही. मात्र पुढील सणाची तयारी ठरविताना प्रत्येक घराने एवढे पाहावे की, घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या हाती कोणते काम आहे. ते काम कितीही छोटे असो, ते त्यांच्याकडून काढून घेऊ नये.